छत्राच्या मुदपाकातले तीस दिवस

मद्रासहून निघालेली मीटरगेजची गाडी सकाळी तंजावरला पोचली, तेव्हा माझ्याजवळ एक होल्डॉल, एक थर्मास आणि विद्यापीठाचं पत्र एवढाच ऐवज होता. एम.फिल.च्या विद्यार्थिनीला चार आठवडे तंजावरला राहून मोडी कागद वाचायची परवानगी. परतल्यावर चर्चासत्रात निबंध वाचायचा, समितीला पसंत पडला तर पीएच.डी.ची शिष्यवृत्ती. नाही पडला तर काय, ते पत्रात नव्हतं. ते घरी ठरलं होतं: मिरजेच्या शाळेत नोकरी. नोकरीशी माझं भांडण नव्हतं, पण मला शिष्यवृत्ती हवी होती. अगदी जीव टाकून हवी होती.

बायकांच्या वसतिगृहात सामान टाकलं, इडल्या खाल्ल्या आणि राजवाड्यातलं ग्रंथालय गाठलं. तिथल्या कारकुनानं एक रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) पुढ्यात आणून ठेवला. ओरत्तनाडूच्या छत्रातले, म्हणजे मराठेशाहीतल्या अन्नछत्रातले, मुदपाकाला (स्वयंपाकघराला) दिलेले रोजचे हुकूम होते ते. आज काय शिजवायचं, कधी वाढायचं. झेरॉक्सला बंदी, पेन्सिलीनं उतरवून घ्यायचं. मी गाठ सोडली. सहा महिने मोडीच्या वर्गाला जाऊन प्रमाणपत्र मिळवलेलं, पण हे इथलं धावतं वळण काही केल्या लागेना.

कारकून माझ्याकडे बघून हसला आणि पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाला, "कमलाला विचारा."

कमला इथल्याच विद्यापीठात एम.ए. करत होती. घर तंजावरी मराठ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. पोस्टातून निवृत्त झालेल्या वडिलांनी तिला लहानपणी मोडी शिकवली होती. ती घडाघडा वाचायला लागली. मी माझी वही पुढे केली तर म्हणाली, "हे मज येत नाही." देवनागरी तिला वाचता येत नव्हती.

"मराठी मुलगी आणि देवनागरी येत नाही?" मी बोलून बसले.

"तुम्हांस तमिळ येतं काय, अक्का?"

"नाही."

"मग जालं!"

असं आमचं जमलं. ती वाचायची, मी लिहायचे. तिचं मराठी आमच्या पणजीचं असावं असं जुनं, आणि सूर मात्र तमिळ. मधेच ती कारकुनाशी तमिळमध्ये काहीतरी बोलून हसायची, आणि मला उगाच वाटायचं की माझ्यावरच चाललंय.

दुसऱ्या आठवड्यात मला घबाड सापडलं. सलग तीस दिवस एकच हुकूम: पहाटे तांदूळ आणि मूग एकत्र शिजवावे, मिरं घालावं, तूप सोडावं. भाज्यांचं नाव नाही. तारखा जुन्या दप्तरांत असतात तशा अरबी महिन्यांच्या, त्यामुळे ऋतू काही कळेना. पण मला कशाला कळायला हवा होता? महिनाभर नुसती खिचडी, म्हणजे टंचाई! आमच्याकडे स्वयंपाकाचा कंटाळा आला किंवा घरात काही नसलं की खिचडी टाकतात. तूप मात्र भरपूर होतं. ते मला दिसलं होतं. दिसलं, आणि मी पुढे गेले.

कमलाला मी यातलं काही सांगितलं नाही. खरं सांगते, भीती वाटली. वाचणारी ती, उद्या तिनंच हा विषय घेतला तर? वहीत काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, आणि मला त्याचं बरंच वाटत होतं.

रविवारी ओरत्तनाडूची बस पकडली. दोन्ही बाजूंना भातशेतं, पाटाचं पाणी, नारळीची बनं. तमिळ पाट्या वाचता येईनात म्हणून एक थांबा आधीच उतरले आणि चिखलात चप्पल गमावली. अनवाणी जाऊन छत्र पाहिलं. खांबांच्या त्या लांबच लांब ओसरीत मला भुकेल्या माणसांच्या पंगती दिसायला लागल्या. संध्याकाळी एसटीडी बूथवरून सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, फोन केला.

"टंचाई? शाब्बास!" सर ओरडले. "शीर्षक आजच छापायला देतो."

डिसेंबरच्या मध्यावर कमलानं सकाळी घरी बोलावलं. गल्लीभर दारादारांत मोठमोठी कोलम (रांगोळ्या) होती आणि प्रत्येकाच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात पिवळं भोपळ्याचं फूल. देवळातून गाणं ऐकू येत होतं.

"या, बैसा," कमलाचे अप्पा, म्हणजे वडील, म्हणाले.

केळीच्या पानावर वाफाळता मऊ गोळा पडला. पहिला घास घेतला. तांदूळ. मूग. दाताखाली मिरं. बोटांवरून ओघळणारं तूप.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पोंगल. आज मार्गळी महिना लागला ना," कमला म्हणाली. "देवळांत, छत्रांत महिनाभर पहाटे हेंच असतं."

"कमला, ते तीस दिवसांचे हुकूम…"

"मार्गळीचेच ते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायाचं काय त्यांत?" ती खरंच गोंधळली होती. "मार्गळींत दुसरं काय करितात? तुम्हीं पुसलं नाहीं."

मग मी सगळं सांगून टाकलं. टंचाई, शिष्यवृत्ती, तिच्यापासून लपवलेलंसुद्धा. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं पानावर आणखी पोंगल वाढलं. मी मान खाली घालून ते खायला लागले.

परतल्यावर सर म्हणाले, "टंचाईच ठेवा हो. कोण जातंय तंजावरला बघायला?" दोन दिवस मी झोपले नाही. सर म्हणतात ते करावं असंही वाटून गेलं. शेवटी जे होतं तेच लिहिलं आणि पहिल्या पानावर कमलाचं नाव माझ्या नावाशेजारी घातलं.

चर्चासत्रात समितीचे अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "छापलेल्या शीर्षकात टंचाई आहे. ती गेली. मग तुमच्या निबंधात उरलं काय?"

"त्या महिन्यात तिथं कुणी उपाशी नव्हतं, सर."

सभागृह हसलं. शिष्यवृत्ती दुसऱ्या मुलाला मिळाली. मी बायकांच्या खोलीत जाऊन भरपूर रडले, आणि जूनमध्ये मिरजेच्या शाळेत रुजू झाले. निबंधाची प्रत आणि शाळेचा पत्ता कमलाला पाठवला.

या डिसेंबरात शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. शिपाई म्हणाला, "बाई, ही कुठली भाषा? परत पाठवू का?" मी ते त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. मोडी होती, तेच धावतं वळण.

"अक्का, मार्गळी लागली. त्याच कागदांवर मीं एम.फिल.ला नांव घातलें. पहिल्या पानावर तुमचें नांव माझ्या नांवाशेजारीं लिहिलें. अप्पा पुसतात, पुढचा रुमाल वाचावयास कधीं येतां?"

व्हरांड्यात उभ्याउभ्या मी ते एका दमात वाचलं. कुणाला विचारावं लागलं नाही.