पालथा झोपवलेला देव

रेमंडने बुलडोझर फाटकाच्या आत आणला, इंजिन बंद केलं आणि तिथेच बसून डबा उघडला. ऊलूलानीचं पित्त खवळलं.

“लाज नाही वाटत? माझ्या आजोबांच्या भिंतीसमोर बसून जेवतोस?”

“आंटी, पाडायच्या आधी जेवून घेतो. पाडल्यावर तुम्ही घास गिळू द्याल का मला?” रेमंडने भाताची चौकोनी मुसुबी पुढे केली. “घ्या, बायकोनं केलीय.”

“तुझी बायको माझ्याच हाताखाली शिकली. मीठ जास्त घालते,” म्हणत तिने मुसुबी घेतली.

हे चाललं होतं होनोपुआच्या खाडीवर, मोलोकाई बेटाच्या त्या अंगाला जिथे वेड्या बाभळी थेट समुद्रापर्यंत उतरतात. बाभळींच्या पोटात काळ्या दगडांची, कमरेएवढी, नुसती एकावर एक रचलेली भिंत. किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यांसाठी कंपनीला तिच्यावरून रस्ता न्यायचा होता. होनोलुलूहून सकाळच्या विमानाने सरकारी पुरातत्त्व खात्याचा शिमोदा येणार होता. त्याला भिंतीत जपण्यासारखं काही दिसलं तर काम थांबणार, नाही दिसलं तर दुपारी रेमंड यंत्र घालणार.

जपण्यासारखं तिथे होतं. ते ऊलूलानीला ठाऊक होतं, तिच्या अंकल एलियांना ठाऊक होतं, आणि तिसऱ्या कुणाला नव्हतं. घोडं तिथेच पेंड खात होतं.

ऊलूलानी काही विदुषी नव्हे. तिचा उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. निम्म्या बेटाने तिच्या हातचं खाल्लंय, आणि टाकलेला घास पुन्हा उचलून खायला लावणारी तिची नजरही निम्म्या बेटाला आठवते. कॅमेऱ्याची तिला हौसबिऊस नव्हती. तरुणपणी एकदा डोंगराच्या वाटेने जाताना तिला दिसलं, जुन्या देवस्थानाचा चौथरा जागेवर नाही. दगड ट्रकमध्ये घालून कुणीतरी हॉटेलच्या बागेसाठी नेले होते. ती तरातरा कचेरीत गेली. टेबलामागचा माणूस म्हणाला, “कुठला चौथरा? दाखवा ना.” काय दाखवणार, उघडी माती? तिथून निघाली ती कॅमेरा घ्यायचा ठरवूनच.

मग दर रविवारी चर्च आटोपलं की ती दगडांकडे. सकाळचं उन्ह तिरपं असतं तेव्हा दगडाला दगड कसा बसवलाय ते दिसतं, म्हणून प्रार्थनेतही तिचं लक्ष खिडकीकडे. लोक थट्टा करायचे. रेमंड म्हणायचा, “आंटी, दगड हसत नाहीत, फोटो चांगले कसे येणार?”

“हलत तरी नाहीत. तुझ्या लग्नाचे सगळे फोटो हलले, कारण नवरदेव बुडाखाली मुंगी चावल्यासारखा चुळबुळत होता.”

तिची एक रीत होती. जागेच्या कडेशी उभं राहायचं, आपण कोण, कुणाची लेक, कशाला आलो, ते मोठ्याने सांगायचं आणि थांबायचं. वारा वळला, पाखरू ओरडलं, काहीतरी उत्तर आलं तर कॅमेरा काढायचा. नाही आलं तर मुकाट घरी. कित्येकदा ती रिकाम्या हातांनी परतली, आणि तो रविवार घरच्यांना फार जड जाई.

या भिंतीचेही तिने चारी बाजूंनी फोटो काढले होते. सोडला होता तो फक्त समुद्राकडचा कोपरा. तिथे बाभळीच्या फांद्या आणि गंजलेल्या तारांखाली एक लांबट दगड पालथा झोपवलेला होता. कूउला, मासे देणारा देव. एकीकडे पाद्र्यांचा धाक आणि दुसरीकडे संग्रहालयवाल्यांचा हावरेपणा, अशा दिवसांत एलियांच्या वडिलांनी त्याला झोपवला. पुढे जमीन मोजायला सरकारी माणूस आला. भिंत कसली म्हणून त्याने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “पा पिपी.” गुरांचा कोंडवाडा. मोजणीवाल्याने तसं लिहून घेतलं, आणि नकाशात देवाच्या जागेवर कायमची गुरं चढली.

त्यात आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलंच नसणार. इथला कोळी मासे धरायला जातो असं कधी म्हणत नाही. खांद्यावर जाळं, हातात बादली, आणि विचारलं तर “होलोहोलो”, म्हणजे जरा भटकून येतो. माशांना कान असतात. आपण नाही का निघताना ‘जातो’ म्हणायचं टाळत! जाळ्यात आलेला पहिला मासा एलिया त्या कोपऱ्यात टाकत, तोही मांजरासाठी टाकल्यासारखा. तिथे मांजर कधीच नव्हतं.

शिमोदा आला. चाळिशीचा, भला माणूस. सगळी भिंत फिरला, उकिडवा बसला, दोन दगडांच्या फटीत त्याला पोवळ्याचा पांढरा तुकडा दिसला. अंकल एलिया कोपऱ्याला पाठ लावून, बादली उपडी घालून तिच्यावर जाळं विणत बसले होते.

“अंकल, कोंडवाड्याच्या भिंतीत पोवळं कोण बसवतं?”

“गुरांना शोभा म्हणून.”

“सरळ विचारतो. इथे मासेमारीचं देवस्थान होतं का?”

“मासेमारी?” समुद्र आत्ताच कुणी आणून ठेवल्यासारखं अंकलनी तिकडे पाहिलं. “इथे कुठले मासे? कोंडवाडा आहे. सरकारी नकाशात लिहिलंय की. तुम्ही सरकारच ना?”

रेमंड फिसकन हसला. ऊलूलानीने त्याच्याकडे पाहिलं तसा तो गप्प झाला.

शिमोदाने तिला बाजूला घेतलं. “आंटी, मला कळतंय इथे काय आहे. पण अंदाजावर यंत्र थांबत नाही. घरच्या वडीलधाऱ्याने सांगावं, नाहीतर मला डोळ्यांनी दिसावं. तुमचे फोटो पाहिले मी. छान आहेत. पण सगळे तुम्ही एका कोपऱ्याकडे पाठ करून काढलेत. का?”

जे लपवलं तेच फोटोंतून बोलत होतं, आणि तिला स्वतःला कधी दिसलं नव्हतं.

“मी कचेरीत फोन करून येतो,” शिमोदा म्हणाला आणि गाडीकडे गेला. ही संधी तो देतोय, हे न कळायला ती काही बावळट नव्हती.

“अंकल, तोंड उघडा.”

“उघडलं की. कोंडवाडा म्हणालो.”

“ताकाला जाऊन भांडं लपवताय! भांडं बुलडोझरखाली चाललंय आता.”

“तुला कळत नाही, ऊलू. एकदा फोटो निघाला की तो सगळ्या जगाचा. मग टुरिस्ट येतील. दगडावर दगड रचतील, पानात खडे गुंडाळून ठेवतील, पोरांना त्याच्या डोक्यावर बसवून फोटो काढतील. पालथा आहे म्हणून सुखात आहे तो.”

“दुपारी त्याची खडी होईल, मग सुखच सुख!”

“बापाला शब्द दिलाय. या तोंडातून निघणार नाही.”

ते चूक बोलत नव्हते, तीच तर पंचाईत. तिने भांडायला पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात इंजिन धडधडलं.

“आंटी, सरका!” रेमंड ओरडला. त्याचा चेहरा उतरला होता. “कंपनीच्या साहेबाचा फोन आला, सुरू कर म्हणतोय. मला नोकरी आहे!”

अंकल उठले. जाळं खांद्यावर टाकलं, बादली उचलली.

“होलोहोलो,” ते म्हणाले, आणि पाण्याकडे चालू लागले.

ऊलूलानी पाहतच राहिली. परका माणूस जवळ असताना अंकलनी तो कोपरा सोडलेला तिने कधी पाहिला नव्हता. हे तिला मोकळीक देऊन चाललेत, की पाहवत नाही म्हणून पळतायत? विचारून फायदा नव्हता. विचारल्यावर सरळ उत्तर देतील ते अंकल कसले!

“रेमंड! पहार आण.”

“कशाला?”

“तुझ्या टाळक्यात घालायला! आण म्हणते ना!”

तिने तारा हातांनीच ओढल्या. बाभळीचे काटे मनगटापर्यंत घुसले. रेमंड पहार घेऊन आला, खाली पाहिलं आणि पटकन छातीवर क्रूस काढला. “आंटी, हे काय आहे ते मला सांगू नका. मला पोरंबाळं आहेत.”

“सांगत नाही. उचल.”

दोघांनी मिळून दगड कुशीवर आणला. शिमोदा धावत आला, आणि तिने हाताने त्याला दूरच थोपवला. दगडाला नाक नव्हतं, डोळे नव्हते. तरी रेमंडने मान खाली घातली. डोक्याकडच्या खाचेत माशांचे काटे दाटले होते, तळाशी जुने, काळपट, आणि वर या आठवड्यातले, अजून खवले चिकटलेले.

ऊलूलानी कडेशी उभी राहिली. आपलं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, कशाला आले ते सांगितलं. थांबली. पान हललं नाही. तिने पुन्हा सांगितलं. वारा नाही, पाखरू नाही, नुसतं यंत्र धडधडत होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती परत गेली असती. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. मग आणखी जवळ जाऊन काट्यांचे काढले.

“यंत्र बंद कर,” शिमोदा रेमंडला म्हणाला. “आज काही पडणार नाही.”

रेमंड पळतच गेला. एकाएकी इतकं शांत झालं की ऊलूलानीला आपल्याच श्वासाचा राग आला.

“आंटी, फोटो फायलीत लागतील,” शिमोदा हळू म्हणाला. “मी कुणाला दाखवणार नाही. पण माझ्या खुर्चीत उद्या कोण बसेल, त्याची हमी मी कशी देऊ?”

“देऊ नकोस. खोटं कशाला बोलतोस?” तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. क्षणभर मूठ उघडेना. मग दिलं.

अंकल परतले तेव्हा बादली रिकामी होती. ते दगडाशी आले. मग रेमंडला म्हणाले, “होता तसा ठेव.” चौघांनी मिळून तो पालथा केला, फांद्या वर ओढल्या. घरी जाताना अंकल ऊलूलानीच्या गाडीत बसले नाहीत. रेमंडच्या ट्रकमध्ये बसले.

रस्ता बाभळींच्या वरच्या अंगाने वळवला गेला. दुकानात लोक तिचे हात धरून अभिनंदन करत, आणि तिला ते मेलं टोचे. चर्चमध्ये अंकल आता पलीकडच्या बाकावर बसत. तिने मटणाचं पातेलं पाठवलं, ते भरलेलं परत आलं. अळूच्या कंदांची पोई पाठवली, तीही परत. “पालथ्या घड्यावर पाणी,” ती स्वतःशी चरफडली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पाठवली.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी अंकल तिच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी.

“कॅमेरा घे.”

तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. “माफ केलंत?”

“नाही. गुडघे गेलेत. डोंगरात आणखी जागा आहेत, माझ्यामागे कुणाला ठाऊक नाहीत.” ते तिच्या गाडीत चढले, दार ओढून घेतलं. “त्या कागदवाल्या शिमोदाला यातला एकही फोटो द्यायचा नाही. यंत्र दारात येईपर्यंत नाही. कबूल?”

“कबूल.”

“मग चल.”

“जायचं कुठे ते तरी सांगा.”

“वळ म्हटलं की वळ.”

लाल मातीचा रस्ता चढू लागला. ती डोळ्यांत तेल घालून पुढे पाहत होती. अंकल काचेबाहेर बघत होते, आणि त्यांनी हनुवटी हलवली तोवर वाट मागे गेली होती.

“चुकलीस,” ते म्हणाले. “मागे घे.”

तिने गाडी मागे घेतली.