सुनौलीच्या पलीकडची विहीर

वाटूरच्या शाळेतले मास्तर तातेराव १९७५च्या मे महिन्यात बायको प्रभावतीला घेऊन लुंबिनीला निघाले. बुद्धांची जन्मभूमी एकदा डोळ्यांनी बघायची, एवढंच मनात होतं. दोघांनी पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकलं होतं. सगळं सामान एका खाकी पाठपिशवीत. पीठ, तांदूळ, स्टोव्हसुद्धा त्यातच, वाटेत कुणाकडं काही मागायला नको म्हणून.

गाड्या बदलत गोरखपूर गाठलं, सुनौलीला नेपाळची सीमा पायी ओलांडली. पुढं भैरहव्यात मिळालेल्या जीपचा स्प्रिंगचा पाटा अर्ध्या वाटेत तुटला. "पैदल निकल जाओ, सीधा रास्ता है," ड्रायव्हर म्हणाला. बरंच चालून गेल्यावर प्रभावती थांबली.

"अहो, छागळ कुठंय?"

पाण्याची छागळ जीपलाच लटकत राहिली होती. मागं वळून पाहिलं तर नुसता धुरळा.

ऊन टाळूत उतरत होतं. सपाट मुलूख, कापणी झालेली शेतं, सावली कुठंच नाही. वाटेत एक घर लागलं. तातेराव तिकडं न बघता पुढं गेले.

"तिथं पाणी मागा ना."

"पुढं हातपंप असंल."

प्रभावतीला कारण माहीत होतं. लहानपणी तातेराव विहिरीपासून लांब उभे राहून, कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं पाणी प्यायलेले. धर्मांतराच्या दिवशी त्यांच्या आईनं बजावलं होतं, "आता कुणापुढं ओंजळ धरायची न्हाई." तेव्हापासून अनोळखी गावात पाणी मागायचंच त्यांनी टाळलं होतं.

हातपंप आला नाही. प्रभावती रस्त्यातच बसली. ओठ पांढरे, अंगाला घाम नाही. "मला चालवत न्हाई आता," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

तातेरावांनी पिशवी तिथंच टाकली, तिला आधार देऊन उठवलं आणि पुढच्या घराच्या अंगणात नेलं. विहिरीवर एक म्हातारा पाणी शेंदत होता.

"बाबा, पानी चाहिए. औरत की तबियत खराब है."

म्हाताऱ्यानं दोघांना न्याहाळलं. "कौन जात हो?"

"बौद्ध."

"पहले क्या थे?"

इथं ओळखणारं कुणी नव्हतं. पाटील म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण निघालो कुठं, आणि तोंडातून काढायचं काय?

"महार," ते म्हणाले.

"वो क्या होता है?"

तातेराव बघतच राहिले. ज्या शब्दानं त्यांचं बाळपण गावाबाहेर ठेवलं, तो इथं कुणाला ठाऊकच नव्हता. तेवढ्यावर थांबता आलं असतं. प्रभावती खांद्यावर जड होत चालली होती. तरी ते बोलले, "अछूत कहते थे हमको."

म्हाताऱ्याचा दोरावरचा हात थांबला. मग त्यानं बादली काठावर ठेवली, मागं सरला आणि म्हणाला, "खुद निकाल लो."

तातेरावांनी दोर धरला. त्यांनी बादली शेंदली, प्रभावतीच्या तोंडावर पाणी मारलं, मग घोट-घोट पाजलं. ती सावध झाल्यावरच स्वतः प्यायले. म्हाताऱ्यानं विहीर मोकळी केली की शिवायचं टाळलं, हे तेव्हा कळलं नाही आणि नंतरही त्यांना ठरवता आलं नाही.

संध्याकाळी दोघं लुंबिनीला पोचले. अशोकस्तंभाजवळ प्रभावती एवढंच म्हणाली, "खरं बोलल्याचं मला वाईट वाटलं न्हाई. पण पहिल्याच घरी बोलला असता तर बरं झालं असतं." तातेरावांनी मान खाली घातली.

चार वर्षांनी गावातल्या बाया लुंबिनीला निघाल्या, तेव्हा त्यांना घेऊन प्रभावतीच गेली. स्टोव्ह कुणालाही घेऊ दिला नाही. "मागायला लाजायचं न्हाई," ती त्यांना सांगायची. "कुणी जात पुसली तर आधी पाणी प्यायचं, मंग बराबर उत्तर द्यायचं."