एकशे अडतीस नंबरचा वाण

त्यांना सगळे अळीमावशी म्हणत, आणि त्याचा त्यांना कधी राग आला नाही. तीस वर्षं जी बाई अळ्यांचं खाणंपिणं बघत आली, तिला दुसरं काय म्हणणार? नवरा म्हणायचा, पोरांना इतकं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं असतंस तर कुठल्या कुठे गेली असती. पोरांचं तसं बरंच चाललं होतं. नवऱ्याला टोमण्याला निमित्त लागायचं, इतकंच.

शेती संशोधन केंद्रातलं त्यांचं काम ऐकायला सोपं. सोयाबीनच्या एकेका वाणाचं पान गोल कापायचं, डबीत ओल्या कागदावर ठेवायचं, त्यावर एक अळी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी किती खाल्लं ते बघायचं. अळीने पानाला तोंड लावलं नाही तर तो वाण फवारणीशिवायही तग धरेल अशी आशा. केंद्रात संशोधन करणाऱ्या मॅडमनी तीन वर्षांत असे एकशे चाळीस वाण तपासायला घेतले होते. एकामागून एक पानांची चाळण होत गेली. मॅडम मावशींच्या लेकीएवढ्या. त्यांची नेमणूक महिनाअखेर संपत होती. एक तरी वाण टिकला तरच ती वाढणार होती.

आणि एकशे अडतीस नंबर टिकला. वीसच्या वीस डब्यांत पान जसंच्या तसं. मॅडमनी मावशींना मिठीच मारली, अहवाल दुसऱ्याच दिवशी दुपारी पाठवायचा ठरला, आणि मावशींच्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

सकाळी त्या डब्या धुवायला बसल्या. पहिलीचं झाकण काढलं नि त्यांनी डबी उजेडात धरली. अळी तुकतुकीत, नवी कोरी. शेजारी तिची कात आणि जुन्या डोक्याची बारीकशी टोपी. दुसऱ्या डबीत तेच, तिसऱ्या डबीत तेच. कात टाकायच्या आधी अळी दिवसभर काही खात नाही. कोवळ्यातलं कोवळं पान पुढ्यात ठेवलं तरी ढुंकून बघत नाही. परवा त्यांचं मनगट ठणकत होतं, वळवळणाऱ्या अळ्या ब्रशवर ठरत नव्हत्या, म्हणून त्यांनी ट्रेमधल्या निमूट बसलेल्या वीस वेचल्या. अळी निमूट का बसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

डब्या धुऊन टाकल्या असत्या तर विषय तिथेच मिटला असता. त्यांनी नळ सोडलाही. पलीकडच्या खोलीत मॅडम फोनवर आईला सांगत होत्या, की आता गाव सोडायची वेळ येणार नाही. ते ऐकून मावशींना रडू आलं. पण हे बी उद्या कुणीतरी विश्वासाने पेरणार, फवारणी करणार नाही, आणि अळ्या काही अहवाल वाचून जेवायला बसत नाहीत. त्यांनी नळ बंद केला.

"मॅडम, पान वाईट म्हणून अळ्या थांबल्या नव्हत्या," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "कात टाकायला बसलेल्या अळ्या मी घातल्या. चूक माझी आहे."

मॅडमनी एकेक डबी उघडून पाहिली. मग त्याच वाणाची परीक्षा नव्याने झाली, चांगल्या चळवळ्या अळ्या घेऊन. दुसऱ्या दिवशी पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. राहिलेले दोन वाणही गेले. टिकलेला वाण एकही नाही, असा अहवाल गेला.

दोन दिवस मॅडम कामापुरतं बोलल्या. तो अबोला मावशींना फार लागला. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही. घरी नवऱ्यावर मात्र उगाच डाफरून झालं.

तिसऱ्या दिवशी मॅडम अळ्यांचा ट्रे घेऊन आल्या आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"पुढे मी जिथे जाईन तिथे तुम्ही नसणार," त्या म्हणाल्या. "खायची थांबलेली अळी कशी ओळखायची, ते मला शिकवा."

तीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मावशींनी ब्रशच्या टोकाने एक अळी हलकेच वळवली, डोक्यामागे सुजल्यासारखी झालेली मान दाखवली, ताणलेली कातडी दाखवली. मग ब्रश मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी डोळे बारीक करून पाच वेचल्या. त्यातली एक चुकली होती, आणि मावशींनी तसं सांगितलं.