पवनीला उशिरा पोचणारे रिपोर्ट

भंडाऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटरचं काम बघते. गावोगावच्या केंद्रांतून रक्ताचे नमुने आमच्याकडे येतात, तपासणी इथे होते आणि रिपोर्ट त्या त्या केंद्रात छापला जातो. पवनीचं इंटरनेट अधूनमधून जातं, म्हणून तिथल्या कॉम्प्युटरवर आमच्या डेटाबेसची एक प्रत ठेवलेली आहे. इथे काही बदललं की ते आपोआप तिथेही लिहिलं जावं, अशी ती व्यवस्था.

पण गेल्या वर्षी दुपार झाली की पवनीहून ताईचा फोन ठरलेला असायचा. ताई म्हणजे तिथलं केंद्र एकटीने सांभाळणारी, माझ्या आईच्या वयाची बाई. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र असा, की फोन कानापासून जरा लांबच धरावा लागायचा.

“काहून वो पोरी, रिपोर्ट कुठी अडकला? माणसं बसून राहिली इथं.”

“ताई, माझ्याकडे तर दिसून राहिला.”

“तुले दिसून मी काय करू? मले दिसला पाहिजे.”

मी मोबाईलवर फोटो पाठवायची. तो डॉक्टरला चालत नसे, त्याला छापील कागद हवा असे. मग पुन्हा फोन, पुन्हा रागावणं. आणि रागावून झालं की त्याच दमात, “जेवली का नाही तू?”

सकाळी सगळं सुरळीत चालायचं, दुपारी अडायचं आणि संध्याकाळी सगळे रिपोर्ट एकदम यायचे. मला वाटलं लाईन खराब असेल. तिथल्या माणसाकरवी वायर बदलून घेतली, राऊटर बदलून घेतला, फरक शून्य. शेवटी एका सकाळी मी लॅपटॉप घेऊन पवनीची एसटी धरली.

ताई आवाजापेक्षा बरीच लहान निघाली. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, केसांत चाफ्याचं फूल. मला बघून म्हणाली, “एवढीशी हायेस? मी तुले केवढं रागावतो वो!” आणि चहा सांगायला स्वतःच बाहेर गेली.

दुपारी बाकावर एक म्हातारेबुवा येऊन बसले. बायको दवाखान्यात होती आणि तिचा रिपोर्ट बघितल्याशिवाय डॉक्टर रक्त चढवणार नव्हते. ते काही मागत नव्हते, भांडत नव्हते. नुसते दर थोड्या वेळाने ताईकडे बघायचे आणि ताई माझ्याकडे. मी लॅपटॉपवरून थेट भंडाऱ्याच्या सर्व्हरला जोडून घेतलं, रिपोर्ट उघडला आणि छापून दिला. कागद कपाळाला लावून बुवा निघाले. ते दाराबाहेर पडले तशी ताई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “आता शोध. चाल.”

पवनीच्या प्रतीत पाहिलं तर लाईनचा काही दोषच नव्हता. भंडाऱ्याहून निघालेले सगळे बदल येऊन पडले होते, पण रांगेत. पुढे एकच काम अडून बसलं होतं. तपासणीच्या मशीनमधून येणारे आकडे डेटाबेसच्या एका टेबलमध्ये, म्हणजे तक्त्यात, साठतात आणि रोज दुपारी त्यातल्या जुन्या ओळी पुसल्या जातात. मूळ सर्व्हर टेबल एकदा वरून खालपर्यंत वाचतो आणि चटकन पुसून मोकळा होतो. प्रतीला मात्र एकेक ओळ शोधून पुसायची असते. टेबलची रचना उघडली आणि मी कपाळावर हात मारला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने त्या टेबलला प्रायमरी कीच दिली नव्हती.

“म्हंजे काय?” ताईने विचारलं.

मी रक्ताच्या नळ्यांच्या रॅककडे बोट केलं. “ताई, या नळ्याईवर नंबर चिकटवलाच नाही अन् मी एक नळी मागितली, तर?”

“तर सारा रॅक पाहा लागते.”

“ते मिळाली की दुसरी मागितली. पुन्हा पहिल्यापासून. असं दिवसभर.”

“अन् बाकीचे लोक उभेच?”

“उभेच.”

ताईने डोळे मोठे केले. “मंग लाव ना नंबर! बसली कायले?”

ते इतकं सोपं नव्हतं. चालत्या टेबलला तसाच क्रमांक जोडला, तर एकाच ओळीला इथे एक आणि तिथे दुसराच मिळण्याची भीती होती. म्हणून नवं टेबल बनवायचं, क्रमांकासकट ओळी त्यात भरायच्या आणि जुनं बाजूला करायचं, असं ठरलं. ते सुट्टीच्या दिवशीच होणार होतं.

त्या दिवशी ताईने मला उपाशी परतू दिलं नाही. घरी नेलं. तिचा नवरा अंगणात जाळं विणत होता. तो हसत म्हणाला, “हेच का ते रोज शिव्या खाणारी?” ताईने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि माझ्या ताटात भातावर मासळीचा रस्सा ओतला, मी पुरे पुरे म्हणत असताना.

रविवारी भंडाऱ्यात बसून मी काम केलं. सोमवारी दुपारी ओळी पुसायला सुरुवात झाली तेव्हा ताईला फोन लावून ठेवला. इथे मी डॉक्टरांनी तपासलेला एक रिपोर्ट टाकला.

“आला,” ताई म्हणाली. “दुसरा टाक.”

दुसरा टाकला. “आला वो!” मागे बाकावरचं कुणीतरी हसलेलं ऐकू आलं.

दिवाळीनंतर ताई भाचीच्या साखरपुड्याला भंडाऱ्याला आली आणि लॅबमध्ये मला भेटायला आली. म्हणाली, मले तो मोठा सर्व्हर दाखव. मी मागच्या खोलीत नेलं. टेबलाखालचा काळा डबा बघून ती बघतच राहिली.

“हा? मले वाटे कपाटाएवढा असंन.”

वाकून तिने त्याच्यावर हात ठेवला, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. “गरम लागते वो. पंखा गिंखा लावत जा त्याले,” म्हणाली आणि माझा हात धरून, साखरपुड्याचं जेवण थंड होतंय म्हणून, मला बाहेर घेऊन गेली.