तळ्यापलीकडे रोवलेले लाल दगड

२०२३ साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, त्यातलीही अर्धी शेतात गेली. पण गवत मला कळतं, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगतो. चांदीपच्या बाजूला आमच्या गोल्फ क्लबचं जे मैदान आहे, ती मुळात आमची भातशेती. क्लबला जमीन दिली तेव्हा मी अट घातली की मैदान मी सांभाळणार आणि कमिटीत माझी खुर्ची मरेपर्यंत राहणार. ती त्यांनी पाळली. जमीन कायम हिरवी राहील हे मात्र नुसतं बोलण्यात होतं. कागदावर घ्यायचं मला सुचलं नाही.

जुने मेंबर कमी होत गेले. काही वारले, काही मुलांकडे परदेशात गेले. मग आमचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले साहेब, मला म्हणाले, "काका, बायका खेळायला आल्या तर क्लब जगेल. नाहीतर कामणचे गोदामवाले मागे लागलेच आहेत."

माझ्या डोळ्यांसमोर नुसते गोदामांचे पत्रे आले. म्हणून बायकांच्या पहिल्या शनिवारची तयारी मी स्वतः केली. आमच्याकडे पुरुष पांढऱ्या दगडांपासून पहिला फटका मारतात, बायकांसाठी लाल दगड जरा पुढे असतात. दुसऱ्या होलच्या वाटेत तळं आहे. तिथे भल्याभल्यांचे चेंडू बुडतात. मी लाल दगड थेट तळ्याच्या पलीकडे नेऊन रोवले. बायकांना पाण्याचा त्रास नको, एवढाच विचार.

माणिकपूरहून नऊ जणी आल्या. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या एक टीचर त्यांच्या पुढारी. त्या दगडांपाशी थांबल्या. "बाबा, तळं तर मागेच राहिलं की."

"मुद्दाम ठेवलंय. तुमचे चेंडू बुडायला नकोत."

त्यांच्यातली एक तरणी म्हणाली, "मग सरळ खड्ड्यापाशीच उभं करा ना आम्हाला. चालायचा पण त्रास नको."

सगळ्या हसल्या. मला राग आला. मी म्हणालो, "दगड मी लावलेत. खेळायचं तर तिथूनच खेळा."

खेळल्या बिचाऱ्या. जाताना गवताचं कौतुकही केलं. पुढच्या शनिवारी दोघी आल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी कोणीच नाही. साहेब दोनदा म्हणाले, "काका, दगड अलीकडे घ्या." मी म्हणालो, "मैदान माझ्याकडे आहे." साहेबांनी वही मिटली.

मग पावसाळ्यानंतरची मीटिंग आली. अर्धी इंग्रजीत चालली. हात वर झाले तेव्हा मी शेजारच्याला विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, "गोदामवाल्यांशी बोलणी करायची." मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघत होते. "गवत चांगलं आलंय यंदा," एवढंच म्हणालो आणि खाली बसलो.

संध्याकाळी टीचरना फोन लावला. माफी बिफी मला जमत नाही. "शनिवारी या," म्हणालो.

"राग नाही हो, बाबा. पण आमच्या बायका आता बॅडमिंटनला लागल्यात. विचारून बघते." पुढे त्यांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. त्या येणार नाहीत, हे मी तेव्हाच समजलो.

घरी बायको सुकट निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती माझी बाजू घेईल अशी खात्री होती. म्हणालो, "पाण्याचा त्रास होऊ नये म्हणून केलं, त्यात माझं काय चुकलं?"

तिने सुपातून मान वर केली नाही. "तलं आज हाय तिथं आपलं खालचं खाचर होतं ना? त्या पान्यात कंबर मोडून मी भाताचा आवन लावला. पोटुशी होते तवा पन. तुमी बांधावर उभे राहून म्हनायचे, हात उचल, दिस मावलतो. तवा नाय आठवला पान्याचा त्रास?"

मी म्हणालो, "ती शेती होती."

"बरं," ती म्हणाली आणि सूप पाखडायला लागली.

मी जेवलो, पण काय जेवलो ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन मैदानावर गेलो. दोन्ही लाल दगड उकरले, घमेल्यात घालून एकेक करून तळ्याला वळसा घालून अलीकडे आणले आणि पांढऱ्या दगडांच्या चार पावलं पुढे, पाण्याकडे तोंड करून रोवले. पायाने माती दाबली. बुधवार होता, कोणी येणार नव्हतं. तरी जुन्या जागी पडलेले खड्डे मी बुजवले आणि त्यांवर गवताचे तुकडे लावून पाणी घातलं.