मावशीचे डोळे दाखवायचे दिवस

सुमनमावशीला मी पहिल्यांदा बाहेर मिसळ खायला नेलं, तेव्हा तिने शेजारच्या टेबलावरच्या माणसांना रस्सा वाढला. वेटर रश्श्याची बादली आमच्याजवळ टेकवून पाव आणायला वळला होता. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी "रस्सा!" अशी हाक दिली. झालं. मावशीने पदर खोचला, बादली उचलली आणि पळीने एकेकाची वाटी भरत सुटली. वर "घ्या की, लाजू नका" हेही. मी कपाळाला हात लावला. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या मळ्यातलं ते हॉटेल. मालक गल्ल्यावरून उठून आला, तिच्या हातातली बादली काढून घेत म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा. हितं वाढायचं काम आमचं हाय."

मावशी ओशाळून बसली. समोर मिसळ आली, दही आलं, पापड आला. पहिला घास घेतल्यावर तिने मान खाली घातली. मला वाटलं, रुसली. मग म्हणाली, "पोरी, लय गरम हाय गं." ती तक्रार नव्हती, हे मला जरा उशिरानेच कळलं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरात दिलेली. दीर, जावा, पुतणे, शिवाय हंगामात कामाला आलेली माणसं. लग्नानंतर ती चुलीपुढून उठून गॅसपुढे उभी राहिली, एवढाच काय तो फरक. घरभर भाकरी तिच्या हातच्या, आणि तिच्या वाट्याला यायची ती शेवटची, निवालेली. "मावशी, तू पण बस ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "त्यांचं होऊ दे." यातले 'ते' कधी काका असत, कधी पाहुणे, तर कधी माल भरायला आलेला टेंपोवाला. घरातली माणसं वाईट नव्हती. तिला कुणी उपाशी ठेवलं नाही की टाकून बोललं नाही. फक्त तिची भाकरीही गरम असू शकते, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

त्या मिसळीनंतर मात्र ती दरवर्षी द्राक्षबागेच्या छाटणीच्या आधी दोन दिवस पंचवटीत माझ्याकडे यायला लागली. घरी कारण सांगायची, डोळे दाखवायचेत. डोळे कसले, सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायची. पण खोटं बोलणं तिच्या जिवावर यायचं. म्हणून ती रिक्षा मुद्दाम डोळ्यांच्या दवाखान्यावरून न्यायला लावायची, पाटीकडे टक लावून बघायची आणि म्हणायची, "दावले डोळे. चल आता."

मग सगळं नाशिक तिचं. सकाळी मिसळ, दुपारी साबुदाणा वडा, उन्हं कलली की भेळभत्ता, आणि संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जाऊन जिलबी. एका जागी पोटभर खाल्लेलं तिला खपत नसे. "पोट भरायचं नाय, जीभ हिंडवायची," हे तिचं शास्त्र. पावासकट बेसनात बुडवून तळलेला उलटा वडापाव पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "पावालाबी गोधडी पांघरली का रं बाबा?" मिसळीतला कांदा दाताखाली आला की तो आपल्या भागातला आहे की नाही, याचा निकाल तिथल्या तिथे लागायचा. आणि सगळीकडे बजावणं एकच, "कढईतलं दे, परातीतलं नको." पार्सलचं नाव काढलं की ती उखडायची. "पार्सल न्यायचं म्हंजे परत गारच खायचं ना?"

एकदा जिलबी खाताना मी म्हटलं, "पुढच्या वेळी काकांनाही आण की."

"त्यांना कशाला? ते आले का मी परत वाढपी." ती खळखळून हसली. मग जिलबीचा तुकडा बोटात धरून हळूच म्हणाली, "कधी कधी वाटतं बघ, घरीबी कुणी म्हणावं, बस, तुला गरम वाढतो. पण हे मागायचं नसतं, पोरी. मागून मिळालं तर ते गारच."

मला फार वाईट वाटलं. मी आणखी एक प्लेट सांगितली.

गेल्या थंडीत मावशी गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. दहाव्याला रामकुंडावर सगळे तिच्या हाताच्या चवीबद्दल भरभरून बोलत होते. पण पिंडाशेजारी तिच्या आवडीचा पदार्थ ठेवायचा म्हटल्यावर जावा एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. कुणी पुरणपोळी म्हणालं, कुणी शेवभाजी. त्या दोन्ही गोष्टी ती इतरांसाठी करायची. मी म्हटलं, "मिसळ." काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

यंदा छाटणीच्या तोंडावर, कामाच्या ऐन घाईत, एका सकाळी काका एकटेच माझ्या दारात उभे. टोपी हातात, दाढी वाढलेली.

"काका, तुम्ही? अचानक?"

"डोळे दावायचे होते," ते म्हणाले. मग चप्पल न काढता तिथेच थांबले. "ती कुढं जायाची, तितं ने मला."

मी त्यांना मळ्यातल्या त्याच मिसळीच्या हॉटेलात नेलं. मावशीचं टेबल दाखवलं. आम्ही दोघंच होतो, पण काकांनी तीन मिसळी सांगितल्या. तिसरी त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवली. वेटर रस्सा घेऊन आला, तसे ते उठले आणि त्याच्याकडून बादली मागून घेतली. या माणसाने जन्मात कधी पाण्याचा तांब्यासुद्धा आपल्या हाताने भरून घेतला नव्हता. पळी नीट धरता येईना, थोडा रस्सा टेबलावर सांडला. तरी त्यांनी रिकाम्या खुर्चीपुढची वाटी काठोकाठ भरली, वर पापड ठेवला, मग बसले.

वाटीतून वाफ येत होती. मी दोन घास खाल्ले. काकांनी आपल्या मिसळीला हात लावला नव्हता.

"खा ना, काका. गार होतंय तुमचं."

त्यांनी समोरच्या वाटीवरची नजर काढली नाही.

"तिचं होऊ दे," ते म्हणाले.