सुवार्तानं डोळे मिटले तेव्हा

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. पाळकसाहेबांना नाही, शुक्रवारच्या प्रार्थनेतल्या बायकांना नाही. आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे — उपासनेत उठायचं, माइक हातात घ्यायचा आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी कितीदा उठलेय! आजारपण सांगितलं, गेलेली नोकरी सांगितली, सासूशी झालेली भांडणंही सांगितली — सासू पहिल्या बाकावर बसलेली असताना. हे मात्र कधी तोंडातून निघालं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझा स्वभाव सांगते. मला हरायला आवडत नाही. आवडत नाही म्हणजे काय, सहनच होत नाही! घरी लुडो खेळताना माझा मुलगा ओरडतो, "आई, सोंगटी ढकललीस!" ढकलते. मग? जिंकायला बसलेय की झोपायला?

तर आमच्या मंडळ्यांचं, म्हणजे आसपासच्या चर्चचं, मुलांचं शिबिर. दर मे महिन्यात, कल्याणला, सुट्टीमुळे रिकाम्या झालेल्या एका शाळेत. ठाण्याची मुलं, कल्याणची मुलं, आणि डोंबिवली-ठाकुर्ली-दिवा मिळून आमची एक टीम. मी त्यांची शीला टीचर. पोटापाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात बिलं बनवते, पण खरं सांगू? वर्षभर जीव त्या शिबिरात अडकलेला असतो. काय धमाल असते हो! वर तापलेला पत्रा, खाली शंभरेक पोरं उड्या मारत गाणी म्हणतायत, टाळ्या, आरोळ्या, कोकम सरबताची पिंपं, दुसऱ्या दिवशीच सगळ्यांचे घसे बसलेले. माझ्या तर अंगातच येतं. आत्ता लिहितानाही पाय हलतोय बघा.

आणि शेवटच्या दिवशी बायबलमधल्या वचनांच्या पाठांतराची स्पर्धा. एक ढाल असते, पितळेची, पोचे आलेली — दर वर्षी ठाणेकर घेऊन जायचे. त्यांचा थाटच वेगळा. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, स्वतःचा कीबोर्ड, स्वतःचं चर्च. आम्ही दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये उपासना करणारे, खालून फोडणीचा वास आला की प्रार्थनेतच शिंका. त्यांच्या एक टीचर मला हसत हसत म्हणाल्या होत्या, "शीला, तुमच्या मुलांनी भाग घेतला, हेच खूप आहे हं." घेतला हेच खूप? थांब, म्हटलं, दाखवते!

त्या वर्षी शिबिराचा विषय होता — येशूवर भरवसा. हो. हाच होता.

माझ्या टीममध्ये सुवार्ता नावाची मुलगी होती. दिव्याची, अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या. त्यांच्या बिल्डिंगला पाण्याची बोंब, त्यामुळे ही सकाळी हंडे घेऊन रांगेत उभी राहायची आणि तिथेच पाठांतर करायची. बायबलमधला मेंढपाळाचा अख्खा अध्याय तिला तोंडपाठ. पण स्टेजवर चढली की घाबरायची आणि डोळे मला शोधायचे. मी परीक्षकांच्या मागे, सरबताच्या पिंपाशी उभी असायचे.

आम्ही लहान मुलांना वचनं हातवारे करून शिकवतो. मेंढपाळ म्हटलं की काठी धरल्यासारखी मूठ, मेंढरं आवाज ऐकतात म्हटलं की कानाला हात, लांडगा म्हटलं की पंजे. पहिल्या फेरीत ती मधेच अडकली. माझ्याकडे बघितलं — आणि माझा हात आपोआप कानाशी गेला. ओढणी सारखी केल्यासारखा. ती धडाधडा पुढे म्हणत सुटली!

पहिल्यांदा चुकून झालं, असं म्हणायची सोय आहे. दुसऱ्या फेरीत? तेव्हा मी आधीच जागा धरून उभी होते. नीट दिसेल अशी.

ती धावत आली, गाल लाल, वेणी सुटलेली. "टीचर, मी विसरलेले! पूर्ण विसरलेले! आणि एकदम आठवलं!" तिनं माझा हात पाहिला होता, पण पाहिला हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं. हसून, कान धरून — गधडे, मी खूण केली, असं. पण आम्ही फायनलला पोचलो होतो! पोरं मला मिठ्या मारत होती! मी तिचा पापा घेतला आणि म्हटलं, "येशूवर टेकलीस ना, म्हणून त्यानं आठवण करून दिली."

तिचा चेहरा असा काही फुलला की काय सांगू. त्या पोरीला वाटलं, देव तिच्याशी बोलला. तिच्याशी — दिव्याच्या सुवार्ताशी. आणि मलाही क्षणभर खरंच वाटलं. आपलं खोटं आपल्यालाच इतकं गोड लागतं का हो?

फायनलच्या सकाळी धडा माझाच होता. मी मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधले आणि एकेकाला नुसत्या आवाजावर मैदानभर चालवलं. कोणी कुंडीला धडकतंय, कोणी पाळकसाहेबांच्या पोटाला! हसून हसून पुरेवाट. शेवटी मी खणखणीत आवाजात सांगितलं की खरा भरवसा म्हणजे डोळे मिटून टेकणं, बघत राहिलात तर तो भरवसा कसला? सगळ्यांनी आमेन म्हटलं. सुवार्ता अगदी पुढे बसली होती. सगळ्यांत मोठं आमेन तिचं.

दुपारी फायनल. ठाण्याचा मुलगा एका जागी अडखळला, एक शब्द चुकला! हॉलमध्ये नुसता कल्ला. ढाल हातातोंडाशी आलेली. सुवार्ता स्टेजवर गेली. या वेळी घाबरलेली नव्हती. तिनं माझ्याकडे बघून छान हसून घेतलं, हात जोडले —

आणि डोळे मिटले.

तिनं सुरुवात केली, काय सुरेख म्हणत होती! दार, चोर, मेंढपाळ, सगळं पार केलं. मग तो भाग आला जिथे लांडगा येतो आणि पैशावर ठेवलेला राखणदार मेंढरं टाकून पळतो. लांडगा म्हणाली आणि थांबली. डोळे घट्ट मिटलेले. मी पंजे केले. हात हलवले. ओढणी फडकवली. अगं उघड ना डोळे! बाजूचा पोरगा खिदळला, एक परीक्षक वळून माझ्याकडे बघायला लागले, मी पटकन घाम पुसायचं नाटक केलं. आणि ती आपली शांत उभी. चेहऱ्यावर भीती नाही, काही नाही. वाट बघत होती. येणारच आहे तो, अशी.

घंटा वाजली. ढाल ठाण्याला गेली.

ती पिंपाशी आली तेव्हा रडत नव्हती, हे मला अजून आठवतं. रडली असती तर मी कदाचित जवळ घेतलं असतं. तिनं नुसतं विचारलं, "टीचर, आज येशू का नाही आला?"

माझ्या डोक्यात राग होता. हरल्याचा. आणि भीती — त्या परीक्षकांनी काही पाहिलं असेल का? ही कुणाला काही बोलली तर? त्या एवढ्याशा पोरीला मी म्हटलं, "येशू आलेला, सुवार्ता. तुझाच विश्वास कमी पडला."

तिनं मान हलवली. पटलं तिला. मग तिथेच, ओल्या फरशीवर, हात जोडून हळूच म्हणाली, "सॉरी, येशू."

मी सरबताचा ग्लास भरत होते. भरत राहिले.

त्यानंतर ती स्पर्धेत कधी उतरली नाही. शिबिराला मात्र दर वर्षी आली. खुर्च्या मांडायची, लहानग्यांना जेवायला वाढायची. मोठी झाली, नोकरीला लागली. वडलांचं ऑपरेशन होतं तेव्हा हॉस्पिटलमधून मला फोन केलेला. म्हणाली, "टीचर, तुम्ही प्रार्थना करा ना. माझी पोचत नाही." मी लगेच केली, फोनवरच, चांगली लांबलचक. तेव्हाही सांगता आलं असतं.

या मे महिन्यात सुवार्ता आमच्या टीमची टीचर झाली. मीच नाव सुचवलं, आणि वर्गात काय रंगते म्हणून सांगू! पोरं नुसती चिकटलेली असतात तिला. आणि आम्ही जिंकत होतो! मी मागे उभी राहून शिट्ट्या मारत होते, या वयात. मग आमची ठाकुर्लीची एक चिमुरडी स्टेजवर अडकली, घंटा वाजली, आणि ती मुसमुसत खाली आली. मी सरबताच्या पिंपाशीच होते. सुवार्ता तिच्यासमोर उकिडवी बसली, तिचं नाक पुसलं, हनुवटी वर केली आणि इतक्या मायेनं म्हणाली, "रडू नको, राणी. येशू आलेला. तुझा विश्वास थोडा कमी पडला. माझाही एकदा कमी पडलेला."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग सुवार्तानंही बघितलं, हसून. "हो ना, टीचर?"

मी हो म्हटलं.